दोन ट्रॉली मलबा

ज्या घरात मी पाच वर्षं राहिलो, ते घर मी एका सकाळी दोन ट्रॉल्यांमध्ये भरलं आणि नाल्यात ओतून आलो. परत आलो तेव्हा घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. शेजारच्या बाईने तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "भिया, सगा बेटा भी इतना नहीं करता." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मी सांगली जिल्ह्यातला, खानापूर तालुक्याच्या माळावरचा. आमच्याकडची निम्मी पोरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली असतात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. नववीत मी गणिताला अडकलो, दुसऱ्यांदा बसलो, पुन्हा अडकलो, तेव्हा मामाने गावाकडच्याच एका शेठजींच्या हवाली केलं आणि मी इंदूरला सराफ्यात आलो. दिवसभर भट्टी, संध्याकाळी समोर चाट-जिलबीच्या गाड्या लागायच्या, आणि मी दुकानाच्या माळ्यावर खोकत पडलेला असायचो. आम्लाच्या वाफेने छाती धरली होती. शेठजी म्हणाले, इथे झोपू नकोस, बाहेर हवेशीर खोली बघ.

खोली कुठे बघणार? मला सराफा ते राजवाडा एवढाच रस्ता माहीत. शेठजींच्या घरी, सुदामानगरात, पोळ्या करायला एक काकू यायच्या. त्यांनी लाटता लाटताच विचारलं, "माझ्याकडे बाहेरची खोली रिकामी आहे, राहशील? पंखा थोडा आवाज करतो."

काकूंचं घर रिंग रोड ओलांडून पुढच्या एका बस्तीत होतं. दोन खोल्या, कच्च्या विटांच्या भिंती, वर पत्रे, खाली हात-दीड हात उंच ओटा. काका वारलेले, मूलबाळ नाही. त्यांचे पणजोबा म्हणे संस्थानच्या फौजेत घोड्यावर होते. त्यातलं घोडं गेलं, जमीन गेली, मराठी तेवढी राहिली, तीही हिंदीत भिजलेली. "तुझ्यासारखं शुद्ध नाही येत रे बाबा आपल्याला," त्या म्हणायच्या, "आपली तर खिचडी आहे, पण पोट भरतं ना."

दुसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला. काकू सकाळी चार घरच्या पोळ्या करायच्या, दुपारी उन्हातून परत यायच्या, मला पेज पाजायच्या आणि पुन्हा संध्याकाळच्या कामाला निघायच्या. असे वीस-बावीस दिवस. माझ्या आईला कळवू दिलं नाही, कारण ती एवढ्या लांबून येणार कशी आणि नुसती रडत बसेल. मी त्यांचा कोण होतो? भाडेकरू. हे मी विसरलो नाही, आणि विसरलो नाही म्हणूनच पुढचा सगळा घोळ झाला.

ते वादळ मे महिन्यात आलं, दुपारी चारच्या पुढे. सराफ्यात आम्हाला फार काही कळलं नाही. आभाळ पिवळं झालं, शटरं खडखडली, कुणाची तरी ताडपत्री उडून तारेवर अडकली आणि लोक हसले. मग समोरच्या घरातल्या रिक्षावाल्या भियाचा फोन आला; इंदुरात कुणीही पुरुष भिया, म्हणजे भाऊच असतो. एरवी दोन शिव्या दिल्याशिवाय बोलायला सुरुवात न करणारा माणूस फक्त एवढंच म्हणाला, "आ जा. काकी को अस्पताल ले जा रहे हैं. घर गया."

मी बस्तीत पोचलो तेव्हा उजेड होता. आमची गल्ली आणि तिच्या मागचं मैदान एवढ्याच पट्ट्यात सगळं झालं होतं. पलीकडच्या गल्लीत तुळशीची कुंडी जागच्या जागी उभी होती. आमच्याकडे विजेचा खांब मुळापासून पिळून काढल्यासारखा. लोक सांगत होते, आंधी नव्हती, धुळीचा खांब होता, फिरत फिरत आला आणि मिनिटा-दोन मिनिटांत गेला, मग पाऊस. गल्लीच्या तोंडाशी आपल्या घरासमोर कपडे प्रेस करणारी एक बाई होती. उडालेला पत्रा तिच्या मानेला लागला. तिला झाकून ठेवलं होतं. टेबल उलटलं होतं आणि तिची कोळशाची इस्त्री बाजूला पडली होती. मी उगाच ती उचलायला गेलो आणि हात भाजला. आत निखारे होते अजून.

काकूंच्या घराच्या जागी ओल्या मातीचा ढीग होता. कच्च्या विटा, वरून पाऊस, भिंती बसत्या झाल्या होत्या. पत्रे कुठे गेले कुणालाच माहीत नव्हतं. काकू लोखंडी खाटेखाली सापडल्या. डावा हात आणि गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

सरकारी दवाखान्यात त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "भिंती आहेत का?"

"आहेत," मी म्हणालो. "थोडं पडलंय."

"थोडं म्हणजे किती? नीट सांग ना."

"थोडं म्हणजे थोडं. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

त्या छताकडे बघत बोलल्या, "भिंती असतील तर मी कुठे जात नाही. नसतील तर देवासला पुतण्या न्यायला बसलाच आहे." काका गेल्यावर तीन महिने त्या पुतण्याकडे राहिल्या होत्या. त्याबद्दल त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. तिथे मी पाहुणी नाही आणि मोलकरीणही नाही, मधलंच काहीतरी आहे, आणि त्या मधल्याला बसायला खुर्ची नसते.

मी बाहेर व्हरांड्यात आलो आणि ठरवलं की यांना तो ढीग दिसता कामा नये. याच्या पुढचा विचारच मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसवाल्या बाईला पोचवून लोक परतले, आणि नेहमीच्या वेळेला कचरागाडी गाणं वाजवत गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. इंदूरच्या लोकांना ही सवय आता हाडात गेली आहे. गाडी आली की हात आपोआप डबा शोधतात. डबे उडून गेले होते, तर बायकांनी पातेल्यांत कचरा भरला. भिजलेलं पीठ, फुगलेली डाळ, सांडलेलं लोणचं ओल्यात. काचा, चपला, फाटलेली दप्तरं सुक्यात. एक आजी भिजलेली वही हातात घेऊन उभी होती, ही ओल्यात की सुक्यात तिला कळेना. रिक्षावाला भिया म्हणाला, "अरे यार, बवंडर को पहले बोल देते, भिया, गीला-सूखा अलग करके पटकना." कालपासून लोक पहिल्यांदा हसले. हसले आणि आणखी जोराने झाडायला लागले. दुसऱ्या शहरात असा राडा महिनाभर पडून राहिला असता. आमच्या गल्लीला त्याची लाज वाटली.

मी भियाला म्हणालो, काकूंना उद्या सोडणार आहेत, त्याआधी आपण ढीग हलवू. त्याच्या ओळखीच्या वीटभट्टीवाल्याने ट्रॅक्टर-ट्रॉली दिली. मलबा असा कुठेही टाकायचा नसतो. त्याची वेगळी गाडी फोन करून बोलवावी लागते, नाहीतर चलान फाटतं, दंड भरावा लागतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी फोन कोण उचलणार, आणि उद्या तर काकू येणार. मी भांडी, ट्रंक आणि देव तेवढे बाजूला काढले. बाकी फावड्याने भरत गेलो. दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा मी ट्रॉलीवर बसून गेलो आणि पुढच्या एका नाल्याच्या कडेला, कुणी बघत नाही असं पाहून, ओतून आलो.

आमच्या दुकानात केर टाकत नाहीत. झाडलेली धूळ, हात धुतलेलं पाणी, जुनी पायपुसणीसुद्धा पिंपात साठवतात, कारण त्यात सोन्याचा कण असतो. मला सात वर्षं रोज हे शिकवलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, आमच्या गावाकडे गारपिटीने द्राक्षबाग आडवी झाली तर तलाठी येऊन पंचनामा करेपर्यंत कुणी काडीला हात लावत नाही. मी लहानपणी स्वतः अशा बागेत राखणीला बसलोय, कुणी काही उचलू नये म्हणून. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. त्या सकाळी ते वर आलं नाही. मला फक्त काकूंचा चेहरा दिसत होता.

संध्याकाळी दोन शेजारणींनी ओटा धुतला आणि शेणाने सारवला. एकीने कोपऱ्यात छोटीशी रांगोळीही काढली.

काकू दुसऱ्या दिवशी दहा वाजता भियाच्या रिक्षातून उतरल्या, हात गळ्यात बांधलेला. ओट्यासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकं साफ?"

कुणीतरी म्हणालं, "काकी, आपको तकलीफ न हो इसलिए."

"हो ना," काकू म्हणाल्या. "काहीच ठेवलं नाही."

तेवढ्यात मागच्या बाजूने निरोप आला की पटवारी साहेब, म्हणजे इथले तलाठी, सर्वेला आलेत, पडलेल्या घरांचे फोटो घेतायत, बारापर्यंत आपल्याकडे पोचतील. फोटो कशाचा काढणार, ढीग तर मी नाल्यात ओतला होता. भियाला माझ्याआधी समजलं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सुन, कोने पे प्रेसवाली के यहाँ ईंटें पड़ी हैं. दस मिनट में उठा के यहाँ डाल देते हैं. किसको पता."

काकूंनी ते ऐकलं. त्या म्हणाल्या, "त्या बाईच्या घराच्या विटा माझ्या ओट्यावर? तिला जाऊन दोन दिवस नाही झाले. बघा हं भियाजी, हात लावाल तर."

"अरे काकी, झूठ थोड़ी है, आपका घर सच में गिरा है."

"माझं पडलंय ना? मग माझं दाखवा."

कुणी काही दाखवू शकत नव्हतं.

पटवारी साहेब पन्नाशीचे होते. टोपीखाली ओला रुमाल, हातात फोन आणि फॉर्मचा गठ्ठा. सकाळपासून उन्हात फिरत होते आणि कुणावर डाफरत नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी काकूंच्या जागेचा सरकारी पट्टा पाहिला, कागद ठीक होता. मग ओट्याकडे पाहिलं, रांगोळीकडे पाहिलं.

"मकान कहाँ है, माँजी?"

"इथेच होतं."

"मलबा?"

काकू ओट्यावर चढल्या. डावा हात बांधलेला, उजव्या हाताने दाखवत चालायला लागल्या. हे दार. ही चूल, इथे पाण्याचा माठ. हा कोनाडा, देव. आतली खोली इथून इथपर्यंत, पावलाने मोजा हवं तर. आणि ही बाहेरची, इथे हा झोपायचा. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"ठीक है," ते म्हणाले. "होगा. मैं मना नहीं कर रहा. पर मुझे लिखना है कि पूरा गिरा या थोड़ा. दीवार कितनी थी, कच्ची थी, पक्की थी. मलबा किसने उठाया? जिसने उठाया वो बोल दे कितना था, कहाँ डाला. मैं जाके वहाँ का फोटो ले लूँगा. बस इतना चाहिए."

एवढंच हवं होतं. नाला तिथून दहा मिनिटांवर होता.

गल्लीतल्या सगळ्यांनी मान खाली घातली. त्यांना भियाची काळजी होती, ट्रॉलीवाल्याची काळजी होती. मलबा नाल्यात टाकला म्हटल्यावर चलान कुणाच्या नावाने फाटणार? भिया माझ्याकडे बघत होता. तो काही बोलणार नव्हता, कारण ठरवलं मी होतं. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. मी बाहेरचा माणूस, आधार कार्डावर सांगलीचा पत्ता, इथल्या कुठल्याच कागदावर माझं नाव नाही. सरकारी माणूस दिसला की माझे हात अजूनही शाळेतल्यासारखे मागे जातात. नाव विचारतील, लिहून घेतील, उद्या बोलावतील, शेठजींना कळेल. हे सगळं एका क्षणात मनात आलं आणि मी गप्प राहिलो.

"कोई नहीं?" साहेबांनी दोनदा विचारलं. मग फोटो काढला. शेणाने सारवलेला ओटा, बाजूला ट्रंक, हात बांधलेल्या काकू. "माँजी, जो दिखता है वही लिख पाता हूँ," असं म्हणून ते पुढच्या घराकडे गेले.

यादी लागली तेव्हा काकूंच्या नावापुढे 'आंशिक' लिहिलं होतं. म्हणजे थोडं नुकसान. दवाखान्यात मीच त्यांना सांगितलेला शब्द. ज्यांच्या नावापुढे 'पूर्ण' होतं त्यांना घर बांधायला मदत मिळाली. काकूंच्या वाट्याला ताडपत्री आली आणि दुरुस्तीपुरतं काहीतरी. दुरुस्ती कशाची करणार होत्या, ते मात्र कुणी लिहिलं नव्हतं.

पंधरा दिवस त्या शेजारच्या बाईच्या पडवीत राहिल्या. हात बांधलेला, पोळ्यांची कामं गेली, तिथे दुसऱ्या बायका लागल्या. मग पुतण्या गाडी घेऊन आला. चांगला बोलला, पाया पडला, ट्रंक स्वतः उचलून ठेवली. काकू गाडीत बसताना मला म्हणाल्या, "सराफ्यात माळ्यावर झोपशील ना परत? खोकल्याचं औषध घेत जा." मी हो म्हणालो. ट्रॉलीचं तेवढं सांगितलं नाही.

मी फोन करायचो. "बरं आहे," त्या म्हणायच्या. मागे कुकरची शिट्टी, पुतणसुनेचा आवाज, आणि काकू म्हणायच्या, ठेवते हं, भाजी टाकायची आहे. हात अजून पूर्ण वळत नव्हता, हे मी पुतण्याकडून ऐकलं.

पाऊस लागल्यावर एका रविवारी मी देवासला गेलो. त्या ओसरीत जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. समोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी जमिनीवरच बसलो आणि सांगून टाकलं. ट्रॉली मी मागवली. दोन फेऱ्या. नाल्यात ओतून आलो. पटवाऱ्याने विचारलं तेव्हा मीच होतो आणि मीच बोललो नाही.

काकू मेथी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "साफ केलं त्याचं मला काही नाही. मला वाटलं, सगळ्यांनी मिळून केलं. चांगल्यासाठीच केलं असणार." त्यांनी एक जुडी सोडली. "पण त्याने विचारलं ना. समोर उभा राहून विचारलं, दोनदा. तू म्हणाला असतास, मी उचललं, दोन ट्रॉली भरलं, तर त्याने लिहिलं असतं. भला माणूस होता तो."

"मला भीती वाटली, काकू."

"कशाची?"

मी चलान म्हणालो. तो शब्द तोंडातून निघाल्यावर त्याचं वजन मला कळलं.

"अस्सं," त्या म्हणाल्या. आणि पुढची जुडी सोडली. सून चहा घेऊन आली, मला खुर्चीवर बसा म्हणाली. काकूंना तिने कपात नाही, ग्लासात दिला. मी निघालो तेव्हा काकू उठल्या नाहीत, मांडीवर मेथी होती.

दुसऱ्या दिवशी शेठजींकडून अर्ध्या दिवसाची सुटी मागितली. का ते सांगितलं. ते म्हणाले, "आधी का नाही बोललास? चलान मी भरलं असतं." आधी नाल्यावर गेलो. पाणी कडेपर्यंत चढलं होतं, माझ्या दोन ट्रॉल्यांपैकी काही शिल्लक नव्हतं. मग तहसील कार्यालयात गेलो. खिडकीतला क्लार्क म्हणाला, सर्वे तो कब का बंद हो गया. मी म्हणालो, अर्ज तरी घ्या. तो म्हणाला, लिहून आणा.

शाळा सोडल्यापासून मी अर्ज लिहिला नव्हता, आणि हिंदीत तर कधीच नाही. बाहेरच्या झाडाखाली बसून लिहिला. माझं नाव, गावचा पत्ता, इथला पत्ता. मग लिहिलं की अमुक बाईंच्या घराचा सर्व मलबा मी स्वतः उचलला, दोन ट्रॉली, कच्च्या विटांच्या सात भिंती, त्यातली एकही उभी नव्हती, आणि तो कुठे टाकला. विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही, हेही लिहिलं. तीन कागद खराब झाले.

क्लार्कने वाचला, पुन्हा वाचला. "ये तो आप खुद के ऊपर लिख रहे हो," तो म्हणाला. "इनके कौन लगते हो?"

"किराएदार," मी म्हणालो.

त्याने शिक्का मारून एक प्रत माझ्याकडे सरकवली. त्याला आता चार महिने होतील. मी दर सोमवारी जातो. तो क्लार्क मला लांबूनच बघतो आणि मान हलवतो, नाही म्हणून.